पाणी वजा केलेलं वजन

चार दिवसांच्या फिरण्याला प्रवास म्हणावं का, असा माझ्या धाकट्या भावाचा सवाल आहे. तो दरवर्षी कुठेतरी बर्फात जाऊन फोटो काढून आणतो आणि सगळ्या नातेवाइकांना जबरदस्तीने दाखवतो. मी पालघरला गेले, तिथून उमरोळी, बोईसर आणि सातपाटी केलं आणि सगळीकडे पिशवीत पाच किलोचं लोखंडी वजन घेऊन हिंडले. फोटो एकच मिळाला, तोही मागाहून, एका वहीच्या पानाचा. तरी माझ्या हिशेबी हा प्रवास त्याच्या सगळ्या बर्फापेक्षा मोठा होता, म्हणून लिहायला बसले.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. जिथे डॉक्टर घडवतात, असं हे रुग्णालय, आणि त्याला जोडलेली लहान लहान रुग्णालयं पार पालघरपर्यंत पसरली आहेत. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मला वॉर्डातून काढून एका संशोधनाच्या कामावर बसवलं. काम सांगायला सोपं आहे. ज्यांचं हृदय अशक्त झालं आहे, त्यांच्या अंगात हळूहळू पाणी साठतं. आपण औषध देऊन बरं करून घरी पाठवतो आणि महिन्याभरात ते धापा टाकत परत येतात. पण धाप लागण्याच्या आधी चार-पाच दिवस वजन वाढायला लागतं. तेव्हा रोज सकाळी घरीच वजन केलं, वाढलं की लगेच फोन केला आणि पाणी उतरवायची गोळी वाढवली, तर माणूस परत खाटेवर येणार नाही, असा अंदाज. तो खरा की खोटा ते तपासायचं होतं. आम्ही गावोगावच्या रुग्णांना वजनाची यंत्रं दिली, वह्या दिल्या आणि गावातलीच एकेक बाई वजन नोंदवायला नेमली.

सहा महिन्यांनी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून संगणकावर सातपाटीचे आकडे दाखवले. बाकी गावांच्या रेघा वर-खाली नाचत होत्या आणि सातपाटीची प्रत्येक रेघ सरळ होती. दवाखान्यात सरळ रेघ कुणालाच आवडत नाही. डॉक्टर म्हणाले, ही बाई घरी बसून आकडे लिहिते आहे, सिस्टर. तुम्ही जाऊन बघा, आणि तसंच असेल तर सातपाटी आपण बंद करू. ती बाई म्हणजे कल्पना. तिला निवडलं होतं मी, शिकवलं होतं मी, आणि तिची सासू हिराबाई हीसुद्धा त्या वहीतली एक रुग्ण होती.

पहिला दिवस : पालघर, उमरोळी

पालघर माझी पहिली नोकरी. मी साताऱ्याकडची, बाविसाव्या वर्षी इथे आले तेव्हा समुद्र पाहिला नव्हता आणि मासा फक्त विहिरीतला ठाऊक होता. तेव्हा ठाणे जिल्ह्यातला हा एक तालुका होता, आणि आमच्या खोल्यांच्या मागून थेट भातखाचरं सुरू व्हायची. आता जिल्ह्याचं ठिकाण झालंय. माझ्या खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी उगाच आत जाऊन एक वायर विकत घेतली आणि जिथे माझी खाट होती त्या कोपऱ्यात उभी राहिले. दुकानदाराला वाटलं, बाईंना चक्कर आली. त्याने स्टूल दिलं.

त्या खोलीच्या दारात हिराबाई पहिल्यांदा आली ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन. मी नाकाला रुमाल लावला होता. तिने तो पाहिला, हसली, आणि काही न विकता गेली. पुढे मला ताप आला, चार दिवस भात-वरणावर काढले, तेव्हा कुणाकडून तरी कळून ती बोंबलाचं कालवण घेऊन आली आणि समोर बसून खाऊ घातलं. तिसऱ्या महिन्यात मी बोंबलाचे काटे चोखत होते. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा मी माहेराहून निघताना रडले नव्हते इतकी रडले.

दुपारी उमरोळीला गेले. तिथले गजानन मास्तर हे आमचे सर्वांत शिस्तीचे रुग्ण. वाडीत चिकू, अंगणात तुळस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी स्वतः काढलेला वजनाचा आलेख. मी माझं लोखंडी वजन काढून यंत्रावर ठेवलं, यंत्राने बरोबर पाच दाखवले. मास्तरांनी तेवढ्यात माझी परीक्षा घेतली. "तुम्ही लोक आकडे घेऊन जाता. का घेता ते सांगाल का?" मी सगळं सांगितलं: हृदय, पाणी, वजन, गोळी. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी आणखी मन लावून वजन केलं असतं. मी हसले. ते बोलणं मला दोन दिवसांनी टोचणार होतं.

जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, तव्यावरून उतरताना कडक वाजणारी. इथली पांढरी, मऊ, घडी घातली तरी न मोडणारी. काकूंनी तिसरी वाढली तेव्हा मी नको म्हटलं, आणि त्यांनी ते ऐकलं नाही.

दुसरा दिवस : बोईसर, सालवड

बोईसरला उतरल्यावर कारखान्यांचा वास आधी भेटतो, मग गाव. तो वासही मला ओळखीचा वाटला याचं मलाच हसू आलं. माणूस कशाकशाला जुनं म्हणून जवळ करतो.

सालवडला शिवपूजन राहतात. उत्तर प्रदेशातून आले, वीस वर्षं इथल्या एका कारखान्यात आहेत. त्यांच्या वजनाची रेघ अशी उड्या मारत होती की डॉक्टर वैतागले होते. कारण पाच मिनिटांत सापडलं. रात्रपाळी असली की ते कामावरून येऊन तसेच, लोखंडी टोपणाचे बूट घालून यंत्रावर उभे राहायचे. दिवसपाळी असली की अनवाणी. मी बूट वेगळे तोलून दाखवले तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "हम तो बोले थे, जूता उतारो. कहते हैं, मैडम ने सुबह-सुबह खड़े होने को बोला है," ती म्हणाली. मॅडम म्हणजे मीच. सकाळी उठल्याबरोबर, असं मी सांगितलं होतं. ज्याची सकाळ झोपण्याची असते त्याने काय करावं, हे मला सुचलंच नव्हतं.

परतताना बाजारात रिक्षाची वाट बघत भाजीवाल्याकडे वांगी घेत होते. पिशवीतून छत्री काढण्यासाठी लोखंडी वजन बाहेर काढून त्याच्या फळीवर ठेवलं. भाजीवाल्याचा चेहरा बदलला. त्याने माझी वांगी पुन्हा तोलली, वर दोन वांगी आणि मूठभर मिरच्या टाकल्या आणि अदबीने बसायला सांगितलं. शेजारचे दोघेही आपापले तराजू पुसायला लागले. वजनमापं तपासणारी कोणी साहेबीण आली, असा सगळ्यांचा समज झाला होता. मी खुलासा करणार होते, पण मिरच्या चांगल्या होत्या.

तिसरा दिवस : सातपाटी

सातपाटीला जाताना माझा जीव टांगणीला लागला होता. शिरगाव मागे पडलं, खाडीचा वास आला आणि मला क्षणभर हे कामबीम काही नको, नुसतं किनाऱ्यावर बसावं, असं वाटलं. होड्या पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या आहेत, घरं पक्की झाली आहेत. पण बांबूंवर बोंबील तसेच वाळत होते, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून. बायका तशाच भराभर बोलत होत्या.

कल्पनाचं घर किनाऱ्याजवळ. ती चाळिशीची आहे. या कामाला लागण्याआधी बरीच वर्षं ती मच्छीमार सोसायटीत मासळी तोलायच्या काट्यावर होती, आणि तिच्या हातावर गावाचा भरवसा होता. म्हणून तर मी तिला निवडलं होतं. तिने मला पाहून आनंदाने आत नेलं. हिराबाई भिंतीला टेकून बसली होती, पाय लुगड्याखाली घेऊन.

"आली गो शिस्टर," ती म्हणाली, आणि एवढं बोलून थांबली. पूर्वी ती एका दमात सगळ्या गावाची खबर सांगायची.

मी आधी काम उरकायचं ठरवलं. यंत्र तपासलं, पाच किलोला पाच दाखवत होतं. वही उघडली. त्या सकाळची हिराबाईची नोंद होती पंचावन्न किलो. आदल्या दिवशी पंचावन्न. त्याच्याही आदल्या दिवशी पंचावन्न. मी म्हटलं, मावशी, जरा उभ्या राहता का. कल्पनाने हात दिला, हिराबाई यंत्रावर चढली आणि आकडा आला साडेअठ्ठावन्न.

डॉक्टर खरे ठरले होते. पस्तीस वर्षांच्या माझ्या माणसांच्या पारखीवर पाणी पडलं होतं. मी कल्पनाकडे बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना भीती ना लाज.

"सकाळी किती भरलं होतं?" मी विचारलं.

"साडेअट्टावनच भरलं."

"मग वहीत पंचावन्न कसं?"

"साडेतीन पान्याचं कापलं ना," ती म्हणाली, जणू मी तिला दिवस कुठून उगवतो ते विचारलं होतं.

मला काही उमगेना. तिने मग समजावून सांगितलं, मी शिकाऊ असल्यासारखं. होडीतून मासळी येते ती ओली असते, बर्फात असते. टोपली काट्यावर ठेवली की भरेल तेवढं वजन मासळीचं नसतं. तोलणारा हात घालून बघतो, बर्फ किती, पाणी किती, आणि तेवढं कापून उरलेलं वजन सांगतो. जो कापत नाही तो लबाड. कल्पनाच्या सासऱ्यांनी तिला हेच शिकवलं होतं, आणि तिचा अंदाज पाव किलोने चुकत नाही असं सोसायटीत म्हणायचे. पुढे मी तिला शिकवलं की रुग्णाच्या नडगीवर अंगठा दाबून बघायचा, खड्डा पडला तर तिथे पाणी आहे. तिने दोन्ही विद्या एकत्र केल्या. खड्डा किती खोल, ते बघून ती पाण्याचं वजन ठरवायची आणि कापायची.

"वजन मानसाचं पायजे ना तुमाला," ती म्हणाली. "पानी कशाला लिवायचं?"

मी हिराबाईसमोर खाली बसले आणि लुगडं वर केलं. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेले होते. माझ्या अंगठ्याचा खड्डा पडला तो भरून यायला वेळ लागला. ती तीन रात्री बसूनच झोपत होती आणि कुणाला बोलली नव्हती, कारण वहीत सगळं ठीक होतं. फोन करायचा तो आकडा वाढला तर, आणि आकडा वाढतच नव्हता. ज्या पाण्याच्या शोधात आम्ही सहा महिने होतो, ते पाणी कल्पना रोज सकाळी प्रामाणिकपणे वजा करून टाकत होती.

कारणांचं एक पान माझ्या शिकवण्याच्या कागदांत होतं. पाणी का बघायचं, वजन का बघायचं. कल्पनाला आणि बाकीच्या बायकांना शिकवलं त्या दिवशी एक वाजला, बायका भुकेल्या होत्या, मीही भुकेली होते. ते पान मी न वाचताच उलटलं आणि जेवायला चला म्हणाले. मास्तरांनी हट्टाने विचारून घेतलं. कल्पनाने माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं नाही.

मी तिला ते पान आता, उभ्या उभ्या सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा रंग उतरत गेला. मग सासूकडे बघून एवढंच म्हणाली, "मी आयला मारत होते." मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण वेळ नव्हता. मी पालघरच्या आमच्या रुग्णालयाला फोन लावला, कल्पनाच्या नवऱ्याने रिक्षा आणली. हिराबाईचं एकच म्हणणं होतं की माझ्यासाठी सकाळी आणलेलं पापलेट वाया जाईल. तिने ते डब्यात घालून शेजारणीकडे तळायला दिलं, तेव्हाच रिक्षात बसली.

निघता निघता मी कल्पनाला विचारलं, बाकीच्यांचं पाणी किती कापलं ते काही आठवतं का. तिने फळीवरून दुसरी वही काढली. कच्ची वही, तेलाचे डाग पडलेली. प्रत्येक रुग्णाचं रोज तीन आकड्यांत लिहिलं होतं: भरलं, पाणी, राहिलं. काट्यावर लिहायची तशीच पद्धत. आमच्या छापील वहीत एकच रकाना होता, म्हणून ती त्यात फक्त शेवटचा आकडा उतरवायची. मी रिक्षात बसून ती वही चाळली. आणखी एका म्हाताऱ्याचं पाणी आठवड्यात वाढलेलं दिसलं, त्याच्या घरी वाटेत थांबून गोळी वाढवायला सांगितली. हिराबाईचं पाणी पाच दिवसांपूर्वी अर्धा किलो होतं, मग एक, मग दोन. आमची सगळी संशोधनाची युक्ती त्या डागाळलेल्या पानावर कधीच सिद्ध झाली होती, आणि ते पान फळीवर पडून होतं.

चौथा दिवस : पालघर

पाणी काढायच्या इंजेक्शनने हिराबाईला रात्रभरात उतार पडला. सकाळी गेले तर ती उशी पाठीशी घेऊन बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला पापलेट कसं ओळखावं ते सांगत होती, एका दमात. मला इतकं बरं वाटलं की मी दारातच थांबले.

कल्पना पायाशी बसली होती. रडून डोळे सुजलेले. ती म्हणाली, आता तुम्ही दुसरी बाई बघा, हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही. मी तिची समजूत घालायला लागले, की चूक होते, सगळ्यांकडून होते, वगैरे. वॉर्डात आयुष्यभर वापरलेली वाक्यं. हिराबाईने मला मध्येच थांबवलं.

"तिला तोलायला आमी शिकवलं, ते तिनं बरोबर केलं," ती म्हणाली. "तुजं तू शिकवलं नाय."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. राग आला नाही. दारातला तो रुमाल तिने पाहिला होता आणि काही न बोलता गेली होती, ते आठवलं. तेव्हाच्या न बोललेल्याची कसर तिने आज भरून काढली असं मला वाटलं, आणि मी कल्पनाला म्हटलं, माझं चुकलं.

मग बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. आकडे खोटे नाहीत, हे आधी सांगितलं. मग काट्याचं, पाण्याचं, कारणांच्या पानाचं सगळं सांगितलं आणि ते पान मी उलटलं होतं हेही.

"दोन्ही आकडे आहेत तिच्याकडे? रोजचे?" त्यांनी विचारलं.

"रोजचे. सगळ्यांचे."

"सिस्टर, आमच्याकडे शिकलेल्या डॉक्टरांना नुसत्या अंगठ्याने पाव किलो सांगता येत नाही," ते म्हणाले. "तिला म्हणावं, इथे येऊन त्यांना शिकव." सातपाटी बंद करण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

निरोप मी कल्पनाला दिला. तिला तो थट्टेचा वाटला. हिराबाईला मात्र अजिबात वाटला नाही. सुनेने मुंबईला जाताना कोणतं लुगडं नेसावं यावर ती तिथेच बोलायला लागली. मी तिला सुकी मासळी खायची नाही, मीठ नाही, असं बजावलं. ती म्हणाली, वास तर घेऊ देशील ना. निघताना सातपाटीची शेजारीण डबा घेऊन आली. पापलेट दिवसाचं शिळं झालं होतं. मी ते हिराबाईच्या खाटेजवळ, वॉर्डात बसून खाल्लं, काटे चोखून. इतक्या वर्षांत मी वॉर्डात कुणालाही मासे खाऊ दिलेले नाहीत.

आता नवीन वह्या छापून गेल्या आहेत. प्रत्येक नोंदीला दोन रकाने आहेत: एक भरलेल्या वजनाचा आणि दुसरा कल्पनाच्या अंगठ्याचा, त्याचं नाव पाणी. पहिल्या पानावर कारणं आहेत, आणि ती वाचून दाखवल्याशिवाय कुणालाही जेवायला सोडायचं नाही असं मी शिकवणाऱ्या सगळ्यांना बजावलं आहे. मार्चमध्ये मी निवृत्त होईन. काल सकाळी कल्पनाने नव्या वहीतल्या नोंदींच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तोच माझ्या प्रवासाचा एकमेव फोटो. हिराबाईच्या नावापुढे वजन लिहिलं होतं पंचावन्न. मी लगेच शेजारचा रकाना बघितला. तिथे आकडा नव्हता. कल्पनाने आपल्या मोठ्या, काट्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: नाय.